ताट वाजवत शाळेला

पुण्यातली माझी नणंद नेहमी म्हणते, "आमची पोरं चालत नाहीत गं, जरा तुमच्याकडं मळ्यात पाठवते, पायांना सवय लागेल." मला हसू आवरत नाही. आमची पोरं मळ्यातलीच. बोरी बुद्रुकच्या शिवारात, चहूबाजूंनी उसात, दारासमोर गोठा असलेल्या घरात वाढली. आणि पायी चालायचं नाव काढलं की दोघांच्याही पोटात दुखायचं. लेण्याद्रीला नेलं होतं एकदा. मोठीनं मान वर करून पायऱ्या बघितल्या, पहिल्याच पायरीवर फतकल मारली आणि म्हणाली, "बाबांना सांग, गाडी इकडंच आणा." धाकट्याला तर रस्ता पायाखाली असतो हेच ठाऊक नव्हतं. तो आजोबांच्या खांद्यावरनंच जग बघायचा.

पोरांची चूक नव्हती ती. आमच्याकडं चालत नाहीत. आमच्याकडं बिबट्या असतो.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो डोळे मोठे करून विचारतो, "तुम्हाला दिसतो का हो?" जसं काही आम्ही दाराशी तिकिटं फाडत बसलोय. आमच्याकडं त्याचं बोलणं चहाबरोबर होतं. काल कुणाच्या वस्तीवर होता, आज कुणाच्या उसात शिरलाय, वनखात्यानं पिंजरा लावला तर आत त्याच्याऐवजी कुणाचं मांजर सापडलं. आणि मग त्याच्या नावानं नियम. एकटं जायचं नाही. खाली वाकून बसायचं नाही, वाकलेलं माणूस त्याला शेळी वाटतं. आणि मुकाट्यानं तर अजिबात चालायचं नाही. चालायचं म्हणजे आवाज करत चालायचं. आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, घुंगरं बांधलेली काठी आहे. नवरा मोबाइलवर गाणी लावून खिशात ठेवतो. सासूबाईंना काहीच लागत नाही. त्या नुसत्या बोलत निघाल्या तरी दोन्हीकडचा ऊस रिकामा होतो.

आमच्या मोठीकडं ताट होतं. स्टीलचं जुनं ताट आणि एक उलथनं. संध्याकाळी आबा धारेला गोठ्यात निघाले की ही पुढं ताट वाजवत चालायची आणि मागं आबा चरवी घेऊन. चार वर्षांची असल्यापासनं तिचं हे काम. आबा येईल-जाईल त्याला सांगायचे, "माझी नात म्होरं असल्यावर मला काठी बी लागत न्हाई." पोरगी अशी फुगायची की विचारू नका.

मग गेल्या उन्हाळ्याच्या आधी एकदा दिवेलागणीला दोघं गोठ्यातनं परत येत होते. ओट्यावर आमचा कुत्रा साखळीला होता. अंगणात आल्यावर मोठीनं ताट खाली ठेवलं आणि हात चोळत आबांना म्हणाली, "माझा हात दुखला." आबांनी चरवी आत नेली, ती त्यांच्या मागनं आत गेली, आणि तेवढ्यात बाहेर नुसता एकदा आवाज झाला. आम्ही धावलो तर ओट्यावर साखळी तेवढी राहिली होती.

पोरगी रडली नाही. तिनं आमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मी वाजवायची थांबले म्हणून नेला."

आबांनी तिला मांडीवर घेऊन कितीदा सांगितलं, "न्हाई गं बाय, तुझा काय दोष न्हाई. त्यो दोन दिस टपूनच व्हता." मी सांगितलं, तिच्या बाबांनी सांगितलं. ती हो हो म्हणायची. पण त्या दिवसापासनं ताट हातात असल्याशिवाय तिनं उंबरा ओलांडला नाही. न्हाणीत जाताना ताट. अंगणात बसताना ताट. शाळेच्या व्हॅनमध्ये ताट. व्हॅनवाले काका एकदा मला म्हणाले, "वहिनी, पोरीला शाळंत सोडतो म्हणून मला कोण व्हॅनवाला म्हणतच नाय, सगळी म्हणतात आली नाटक कंपनी." मी हसले. घरी येऊन रडले.

मी घोडेगावची. ऐन पेठेतली. लहानपणी शाळेत पायी, गिरणीत पायी, कोथिंबिरीची जुडी आणायला पायी, मैत्रिणीकडं पायी. हात मोकळे सोडून, चपला फटाक फटाक वाजवत. माझ्या पायांना गल्ल्या पाठ होत्या. लग्न होऊन मळ्यात आले आणि माझी चाल स्वैपाकघर ते गोठा एवढी राहिली. माझं मी सोसलं असतं. पण माझी पोरगी सात वर्षांची होऊन ताटाशिवाय चार पावलं टाकत नव्हती, हे मला सोसवत नव्हतं. मला तिला एकदा, फक्त एकदा, हात मोकळे सोडून गल्लीतनं येताना बघायचं होतं.

नवऱ्याचं जुन्नरात मोटारी भरून देण्याचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी, वायंडिंग वगैरे. तो रोज जा-ये करतोच. मी त्याच्या कानाशी लागले. जुन्नरात खोल्या भाड्यानं घेऊ. शाळेला पायी जाता येईल अशा ठिकाणी. सुट्टीला मळ्यात येऊच की.

घरात गदारोळ झाला. सासूबाई म्हणाल्या, "लोकं शेर सोडून मळ्यात बंगलं बांधत्यात आन् तुमी बंगला सोडून पेठंत भाड्यानं ऱ्हाणार? पावणं काय म्हनत्याल?" मग एक दिवस आबांनी गोठ्यातनंच मला हाक मारली. म्हणाले, "दोन गोष्टी हायेत. एक, खोली मी बघणार. दुसरी, दिवाळीपत्तुर पोरगी एकटी चालाया लागली तर ऱ्हावा तितं. न्हाई तर गुमान मळ्यात यायचं, परत इषय काढायचा न्हाई."

मी लगेच कबूल झाले. पहिली गोष्ट कबूल करताना जरा विचार करायला हवा होता.

कारण आबांना खोली बघता येत नव्हती. त्यांना बिबट्या बघता येत होता.

नवऱ्याच्या ओळखीचा एक एजंट होता, गळ्यात सोन्याची साखळी, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. त्यानं पहिल्यांदा आम्हाला गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत नेलं. घर झकास होतं. गुळगुळीत फरशी, स्वैपाकघरात कपाटं, गॅलरीतनं शिवनेरी.

"वहिनी, शाळा पाच मिनिटांवर," तो म्हणाला.

"चालत?"

तो हसला. "चालत कशाला? गाडी हाय ना भाऊंकडं."

"अहो, आम्ही चालायसाठीच घर बघतोय."

त्यानं नवऱ्याकडं असं बघितलं, जसं काही धंदा बसलाय का काय बिचाऱ्याचा. तोवर आबा घुंगरांची काठी आपटत घराच्या मागं जाऊन आले. "मागं गिन्नी गवत हाय. डोक्याइतकं," ते म्हणाले. "आन् भित्ताड कंबरंला. ह्याच्यावरनं तर म्हातारी शेळी उडी मारंल."

"आबा, इथं कॉलनीत बिबट्या येत नाय," एजंट म्हणाला.

"त्यो तुला इचारून येतो व्हय रं?"

झालं. ते घर गेलं.

दुसरं घर मोठ्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्याला. आबा खूश. जिना चढताना मध्येच थांबून खाली बघून म्हणाले, "हितं त्यो येत न्हाई." मी गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, वर टेप लावून डोलत चालले होते. शाळा समोरच्या बाजूला. हा रस्ता माझी सात वर्षांची पोरगी ओलांडणार?

"आबा, बिबट्या नाही येणार हो, पण ट्रॅक्टर येतोय ना!"

आबांनी जरा विचार केला. "ट्रॅक्टर आवाज करून येतो. कळतं."

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही ते बरंच वाटलं असावं.

तिसरं घर मात्र माझ्या मनात भरलं. एका बोळात, पुढं चाफा, अंगणात पाण्याचा हौद, शाळा त्याच बोळाच्या टोकाला. गाडी यायचीच नाही तिथं. इतकं शांत की घरमालकीणबाईंच्या बांगड्या वाजल्या तरी ऐकू यावं. मी मनातल्या मनात पडदे लावले, पोरगी दप्तर घेऊन त्या चाफ्याखालनं निघालेली बघितली. आबा दारात उभे राहिले. कान देऊन ऐकलं.

"लई शांत हाय," ते म्हणाले.

"तीच तर गंमत आहे आमच्या बोळाची," घरमालकीणबाई म्हणाल्या.

"शांत जागी काय बी येतं बाई."

"काय बी म्हणजे? आमच्याकडं सगळी चांगली माणसं राहतात!"

"माणसांचं न्हाई म्हनत मी," आबा म्हणाले, पण बाईंनी तोवर आम्हाला दाराबाहेर काढलंच होतं. परत येताना मी म्हणाले, "आबा, तुम्हाला आम्हाला खोली द्यायचीच नाही, असं सरळ सांगा ना." नवरा म्हणाला, "अगं, हळू." मी म्हटलं, "हळू का? ह्यांनाच तर आवाज हवाय!" आबा मिशीत हसले. माझा जीव जळत होता आणि हा माणूस हसत होता.

चौथी जागा एजंटनं दाखवलीच नाही, ती आम्हीच शोधली. म्हणजे आबांनी. बाजाराच्या दिवशी ते नवऱ्याच्या दुकानात बसले होते, तिथनं उठून पेठेत हिंडायला गेले आणि तासाभरानं फोन आला. "सापडली. ये."

मी गेले तर ते एका पिठाच्या गिरणीच्या दारात उभे. डोक्यापासनं मिशीपर्यंत पांढरे. गिरणी धडधडतेय. समोर एक टेलर, त्याच्या दोन शिलाई मशीन सुरू. पलीकडं लग्नाच्या बँडवाल्यांची खोली, तिथं कुणीतरी ट्रम्पेटवर एकच ओळ पुनःपुन्हा चुकवतंय. त्याच्या शेजारी सायकल दुरुस्ती, तिथं ठोकठोक. गल्लीत तीन कुत्री, दोन दिव्याचे खांब, आणि एवढ्या आवाजात एकमेकांशी बोलायचं म्हणून सगळी माणसं ओरडूनच बोलणारी. गिरणीवरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आबांचा चेहरा असा उजळला होता, जसा नातू झाल्याचा निरोप आल्यावर उजळला होता.

गिरणीवाल्या मावशी आवाजाची तक्रार येणार म्हणून आधीच तयार होत्या. "जरा आवाज असतो हो," त्या म्हणाल्या, "पण दुपारी तासभर आम्ही बंद ठेवतो. लेकरांना झोप लागते."

"बंद कशापाय ठिवता?" आबा म्हणाले.

"अं?"

"न्हाई, सगळा दिस चालू ठिवली तर आमची काय हरकत न्हाई."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत मला कीव दिसली. पुढं आमची चांगली मैत्री झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, "मला वाटलं म्हातारा बहिरा झालाय, ऐकू येत नसंल."

मी शाळेपर्यंत चालून बघितलं. गल्ली संपली की मारुतीचं देऊळ, मग भाजीवाल्या, मग एक वळण आणि शाळा. मोठा रस्ता कुठंच लागत नव्हता. मोटारसायकली होत्या, पण भाजीवाल्यांनी रस्ता असा अडवलेला की त्यांनाही चालत्या माणसाच्या मागनंच यावं लागायचं. आबांना आवडलं आवाजासाठी, मला आवडलं पायांसाठी. सून आणि सासरा एकाच घरावर खूश, हे आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा घडलं.

जूनमध्ये आम्ही राहायला आलो. शाळेचा पहिला दिवस. मी मोठीला छान दोन वेण्या घातल्या, धाकट्याला कडेवर घेतलं, खाली उतरलो. मी म्हटलं, "चल बाई, बघ, इथं काही नाही. दे मला ते ताट." तिनं मान हलवली. आणि वाजवायला सुरुवात केली.

गल्लीत आधीच एवढा आवाज, मला वाटलं कुणाच्या लक्षात यायचं नाही. छे! गिरणी, मशीन, ट्रम्पेट, सगळ्यावर ते ताट. माणसं दारात आली. टेलरनं कात्री खाली ठेवली. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. आणि देवळापाशी एक बाई घाईघाईनं जुनं लुगडं आणि दोन पँटी घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, "ह्याच्यावर काय देणार? मला मोठा डबाच पाहिजे हां, वाट्या नकोत." तिला मी बोहारीण वाटले होते.

मी म्हटलं, "आम्ही शाळेत चाललोय हो."

"मग भांडी कुठायत?"

धाकटा माझ्या कडेवरनं म्हणाला, "बिबट्या येतो." ती बाई लुगडं घेऊन आत पळाली आणि दार लावून घेतलं.

मी शरमेनं मेले. त्या आठवड्यात मी काय काय केलं! उलथन्याच्या जागी लाकडी डाव दिला, तर तिनं ताट जोरात बडवलं. शिट्टी आणून दिली, ती धाकट्यानं फुंकून फुंकून आमचे कान किटवले. ताट लपवलं, तर पोरगी जिन्यातच बसली, ओठ घट्ट मिटून, घाम फुटलेला. मी ताट काढून दिलं. तिनं ते हातात घेतलं आणि मग मोठा श्वास सोडला. त्यानंतर मी लपवलं नाही. शाळेतल्या बाईंनी एक तोड काढली. ताट सकाळी कपाटात ठेवायचं, सुटताना न्यायचं. चांगल्या होत्या बिचाऱ्या.

गल्लीची मात्र हळूहळू सवय झाली. सवय कसली, गल्लीनं ते ताट वापरायलाच घेतलं. मोठी निघाली की टेलर दुकान उघडायचा. गिरणीवाल्या मावशी हाक द्यायच्या, "ताट गेलं गं, दळण टाका!" दुपारी ताट परत आलं की भाजीवाल्या डबे उघडायच्या. बँडमास्तर एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "वहिनी, पोरीचा ताल पक्का आहे. आमच्या खुळखुळेवाल्यापेक्षा बरा." मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि आबा. सकाळी पोरगी निघायच्या वेळेला त्यांचा फोन यायचाच. मी फोन गॅलरीतनं बाहेर धरायचा. खाली ताट वाजायचं. ते ऐकायचे. "हां. वाजतंय," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. बाकी काही नाही. माझी ख्याली-खुशाली त्या माणसानं कधी विचारली नाही.

चालणं मात्र सुधारत होतं, हे खरं. आधी मी तिच्यासोबत शाळेच्या दारापर्यंत जायचे. मग वळणापर्यंत. मग देवळापर्यंत. नवरात्रात एक दिवस ती म्हणाली, "आई, तू येऊ नको, तू बाळाला सांभाळ." आणि गेली. ताट वाजवत, पण एकटी. मी गॅलरीत उभी राहून कोपऱ्यापर्यंत बघितलं. मग घाईघाईनं मळ्यात फोन लावला. म्हटलं, "आबा, जिंकले मी. पोरगी एकटी गेली."

"ताट व्हतं का हातात?"

"होतं."

"मंग एकटी कशी? ताटासंगट एकटी न्हाई म्हनत."

मागनं सासूबाईंचा आवाज आला, "व्हय, न्हाईच म्हनत!" म्हणजे पंचायत तिथंच बसली होती आणि निकालही झाला होता. नवरा म्हणाला, "सोड गं, म्हाताऱ्यांना करमत नाही." मला ते कळत होतं. करमत नव्हतं म्हणूनच ते हरायला तयार नव्हते. पण मीही तयार नव्हते. दिवाळी तोंडावर आली होती, आणि त्या गल्लीत मला माझे घोडेगावचे पाय परत मिळाले होते. पोरीच्या नावानं मी स्वतःसाठीही भांडत होते, त्यात लपवायचं काय?

सुट्टी लागायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मी दुपारी चकल्या तळत होते. धाकटा पिठाचे साप करत बसला होता. माझा एक कान नेहमीसारखा खाली. ताट यायची वेळ झाली. एक घाणा काढला. दुसरा घातला. ताट नाही.

सुटायला उशीर झाला असेल. सुट्टी लागणार, खाऊ वाटत असतील.

तिसरा घाणा घातला आणि तेवढ्यात गिरणी बंद पडली. दुपारची बंदची वेळ सरून गेलेली, भर दळणाच्या वेळेला. त्या गल्लीत मी पहिल्यांदा शांतता ऐकली. आबांचं वाक्य नको तेव्हा आठवलं, शांत जागी काय बी येतं. गॅस बंद केला, गॅलरीत आले.

खाली सगळी गल्ली दारात उभी होती. टेलर गळ्यात टेप अडकवून, कोपऱ्याकडं तोंड करून. बँडमास्तर ट्रम्पेट काखेत धरून. सायकलवाला हातात पाना घेऊन. गिरणीवाल्या मावशींनी वर बघितलं आणि पांढऱ्या भुवया उंचावून म्हणाल्या, "अगं, ताट आलं नाही अजून. मी ऐकू यावं म्हणून गिरणी थांबवली."

मी धाकट्याला मावशींच्या अंगावर टाकलं आणि पळत सुटले. पीठ लागलेले हात, एका हातात झारा. देवळापर्यंत गेले आणि मागनं टेलर ओरडला, "वहिनी, तुम्ही का ओरडताय?" तेव्हा मला कळलं की मी "होऽ होऽ होऽ" करत, झाऱ्यानं भिंत बडवत पळत होते. जसं उसातनं पळतात तसं. भर पेठेत.

आणि भाजीवाल्यांच्या मधनं आमची मोठी आली. दोन मैत्रिणी बरोबर. तिघींचे गाल आवळ्यांनी फुगलेले. दप्तर एका खांद्यावर, आणि दोन्ही हात कसली तरी गोष्ट सांगण्यात गुंतलेले. हवेत. मोकळे.

मला बघून ती थांबली. मग माझ्यामागं दारादारात उभी असलेली गल्ली बघितली. "काय झालं? बिबट्या आला?"

"ताट कुठंय तुझं?" मी विचारलं.

तिनं हातांकडं बघितलं. "अगं बाई! बाईंच्या कपाटातच राहिलं!"

मैत्रिणी हसल्या. ती हसली नाही. तिनं मागं वळून बघितलं, शाळेपर्यंतचा तो सगळा रस्ता, ज्यावरनं ती बोलत बोलत आली होती. मग टेलरकडं. मग बँडमास्तरांकडं. मावशींच्या कडेवर पिठानं माखलेल्या भावाकडं. गिरणीच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्याकडं तिनं सगळ्यात जास्त वेळ बघितलं.

"मी वाजवलंच नाही," ती हळूच म्हणाली. "सगळे आहेत?"

"आहोत गं बाई, सगळे आहोत," मावशी म्हणाल्या. त्यांना त्या प्रश्नात काय होतं ते ठाऊक नव्हतं. मला होतं. मी तिथंच, देवळाच्या पायरीवर बसून, झारा मांडीवर घेऊन मोठ्यानं रडले. पोरगी म्हणाली, "आई, ऊठ ना, सगळे बघतायत." मला इतका आनंद झाला होता की मला कुणाचीही लाज वाटत नव्हती.

संध्याकाळी मळ्यात फोन लावला. स्पीकरवर. सगळं सांगितलं. मागं गाईंचं हंबरणं ऐकू येत होतं, धारेची वेळ होती.

"दोनी हात मोकळं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"बरं झालं." मग घसा खाकरला. "मंग ऱ्हावा तितंच."

मी जिंकले होते. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण तेच पुढं म्हणाले, "ते ताट मातुर शाळंतनं मागून इकडं पाठवून दे. धारंला जाताना माझ्या म्होरं वाजवाया कोण न्हाई आता. काठी ऐकू जात न्हाई लांब."

आम्ही उसातनं निघून आलो होतो. ते तिथंच होते. इतके महिने रोज सकाळी ते ताट ऐकायला फोन करत होते आणि मला वाटत होतं की ते माझ्यावर पहारा ठेवतायत.

मोठीनं माझ्या हातातनं फोन घेतला. "आबा, मी दिवाळीला घेऊन येते. तिथं असले की मीच वाजवणार. मग परत येताना तुमच्याकडं ठेवून येईन."

"बरं बाय."

"आणि आबा, एकटे असताना हात दुखला ना, तर थांबा थोडं. काही होत नाही."

आबा म्हणाले, "व्हय गं बाय. थांबतो." आणि फोन ठेवला नाही. आम्ही दोघी तो कानाशी धरून, मळ्यातली ती घुंगरांची काठी गोठ्याकडं जाताना ऐकत राहिलो.